दोनदा नापास करणारे बिराजदार सर

ज्या माणसानं मला दोनदा नापास केलं, तो माणूस आज पहाटे गेला.

बिराजदार सर.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, मोटार रिवाइंडिंगचा सहा महिन्यांचा कोर्स घ्यायचे. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी भरायची, हे ते काम. आमच्या बॅचला वीस पोरं आणि मी एकटी.

माझ्या गावाहून, करकंबहून निघताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटी स्टँडवरच सांगून टाकलं होतं, "सहा म्हैनं. सर्टिफिकेट आलं तर बघू. न्हाय तर गप स्थळं बघायची."

मी ऐटीत "चालतंय" म्हणाले. तोंडाला काय जातंय.

पहिल्यांदा नापास झाले ते बरोबरच होतं. कॉइल ढिली बांधली होती.

दुसऱ्यांदा मात्र माझी मोटार मस्त चालली. तरी सरांनी वहीत फुली मारली. मी भांडायलाच उठले.

"सर, चाललीय की!"

"चाललीय. पण चालू करायच्या आधी तू शेजारच्याला विचारलीस, कनेक्शन बरोबर हाय का म्हणून."

"खात्री केली सर."

"खात्री मीटरनं करायची, त्याला विचारून न्हाय. उद्या गावात दुकान टाकलीस तर त्याला संग नेणार हायस काय?"

त्या दिवशी मी राहत होते त्या मावशीच्या घरी येऊन सरांच्या नावानं जे काही बोलले, ते आज इथं लिहीत नाही.

सहा महिने संपायला आठ दिवस उरले होते.

तिसरी परीक्षा सरांनी हॉलमध्ये घेतलीच नाही. उजनी धरणाच्या काठावर एका गावात, केळीच्या बागेत घेतली. मोटार पाटलांची, वाइंडिंग माझं.

पाटलांनी इकडंतिकडं बघितलं. "मेस्त्री कुटं हाय?"

"ही काय," सर म्हणाले.

पाटलांचा चेहरा असा झाला की विचारू नका.

आमच्याकडे नवी बांधलेली मोटार चालू करताना नारळ फोडतात, आणि तो मान मेस्त्रीचा. पाटलांनी नारळ सरांपुढे धरला. सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "मी बांधली न्हाय. तिला द्या."

पाटील जरा घुटमळले, आणि स्वतःच फोडून मोकळे झाले.

मला राग आला. लई राग आला. आणि रागाच्या भरात मी ती चूक केली, जी पहिल्या आठवड्यातला पोरगाही करत नाही. स्टार्टरचं बटण आधी नुसतं दाबून सोडायचं, मोटार कुठल्या बाजूला फिरते ते बघायचं, मग चालू करायची. मी सरळ चालू केली.

मोटार घुमली. पाणी मात्र करंगळीएवढं.

बांधावर पंधरा-वीस माणसं. एक जण हसला. पाटील म्हणाले, "सर, बघा की जरा."

सगळे सरांकडे बघायला लागले. मीपण.

सर वळले, आमच्याकडे पाठ केली आणि धरणाच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. एवढंच म्हणाले, "निधान." कन्नडमध्ये सावकाश.

बारा वाजता लाइट जाणार होती. पावणेबारा झाले होते. माझ्या डोळ्यांसमोर अण्णा, एसटी स्टँड आणि पोह्यांच्या बश्या.

मग मी मोटारीचा आवाज ऐकला. आवाज स्वच्छ होता. हात लावला, गरम नव्हती. म्हणजे वाइंडिंगला काही झालेलं नाही. उलटी फिरतेय, बास.

मेन स्विच पाडला. टेस्टर लावून बघितलं. दोन वायरींची अदलाबदल केली. या वेळी बटण दाबून सोडलं, फिरण्याची बाजू बघितली, आणि मगच चालू केली.

पाणी असं आलं की पुढं उभा असलेला तो हसणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत भिजला!

पाटील पाण्याकडं बघत राहिले. मग घराकडं तोंड करून ओरडले, "अगं, दुसरा नारळ पाठीव! पयला वाया गेला!"

दुसरा मी फोडला.

परतताना सरांना विचारलं, "मी चुकले, तरी पास?"

"चुकलीस म्हणून तर पास. चुकल्यावर काय करतीस ते मला बघायचं होतं."

सर, तुमची पाठ बघून मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही मला सोडून दिलं. तुम्ही माझ्यावर सोडलं होतं. हे कळायला मला फार वेळ लागला.

आज करकंबमध्ये माझं स्वतःचं दुकान आहे. हाताखाली दोन मुली शिकतायत.

आज सरांच्या मातीला, शेवटच्या निरोपाला, सोलापूरला आले. सरांच्या घरासमोर गल्ली भरून मोटारसायकली. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, कुठून कुठून आलेले सरांचे विद्यार्थी. आणि एवढ्या गर्दीत सारखे फोन वाजत होते. कुणाच्या गिऱ्हाइकाची मोटार जळालेली, कुणाचा पंप बंद. सगळे ओशाळून फोन कट करत होते.

सरांच्या मिसेस दारातून म्हणाल्या, "उचला रे. कामाचा फोन तोडलेला त्यांना चालत नव्हता."

मग सगळ्या गल्लीत एकच वाक्य. सोलापुरात आहे, संध्याकाळी येतो.

माझाही फोन वाजला. अण्णा.

"अगं, गिऱ्हाईक आलंय. घाईत हाय. मोटार दुसरीकडं नेतो म्हनतंय."

"मग?"

"मी म्हनलं, न्या की. पन माझी पोरगी बांधती तशी तालुक्यात कोन बांधत न्हाय. थांबत असाल तर थांबा."

"आणि?"

"थांबलाय. च्या पितोय."

सर, निघते मी. काम आलंय.

तुमच्या विद्यार्थिनीचा अखेरचा नमस्कार.