लेखी द्या

आमच्या कोथरूडच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा तोंडी गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. शिपाई "मोठ्या बाईंनी बोलावलंय" म्हणाला की सर हात पुढे करून विचारत, "चिठ्ठी?" एकदा सुट्टी जाहीर होऊन अख्खी शाळा रिकामी झाली, पण परिपत्रक हातात पडेपर्यंत नववी ब तेवढी त्रिकोणमिती करत बसली. घरी वहिनी किराणा मालाची यादीसुद्धा सही करून देत, असं आम्ही म्हणायचो. वहिनींनी ते कधी नाकारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला आणि ऐन मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचं फर्मान व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. मानधन नाही, बदली रजा नाही. सर म्हणाले, "अहो, शुभ सकाळही याच ग्रुपवर येते. तिलाही आदेश म्हणायचं का?" त्यांनी फुलस्केपवर बहिष्काराचा मजकूर लिहिला, आम्ही दहा शिक्षकांनी खाली झोकदार सह्या ठोकल्या आणि त्या शौर्याबद्दल भेळ खाल्ली. प्रत्यक्ष त्या दिवशी कर्वेनगरच्या सभागृहाबाहेर सर मांडीवर फाइल घेऊन पायरीवर बसले, आणि आम्ही एकेक करून त्यांच्या बाजूने आत गेलो.

"हजेरीपुरता जाऊन येतो," मी पुटपुटलो.

"जा. आत पंखे आहेत," सर म्हणाले.

जूनमध्ये त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. "बघा, न मागता लेखी मिळालं!" म्हणत त्यांनी ती स्टाफरूमभर मिरवली. मला हसू आलं नाही. निवृत्तीला पाच महिने उरले होते, चौकशी रेंगाळली तर पेन्शन अडकणार होतं. आणि आम्ही प्रशिक्षित मंडळी? नवी प्रकरणं कळेनात म्हणून दर शनिवारी त्यांच्याच घरी शिकायला जात होतो. सर चहासकट फुकट शिकवत. "शिकवायला मी कधी नाही म्हटलंय? सुट्टी घेताना विचारा, एवढंच म्हणणं होतं."

चौकशीला शाळेतर्फे मी हजर होतो. शिक्षण खात्याचे साहेब सरांना म्हणाले, "बहिष्कारात आणखी कोण होतं? लेखी द्या." आमच्या सह्यांचा कागद सरांच्या फाइलीतच होता. सरांनी सावकाश लिहिलं, 'पायरीवर मी एकटाच होतो.' खोटं त्यांनी कधी लेखी दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही.

सर निवृत्त झाले, पेन्शनची फाइल अजून फिरतेच आहे. परवा शनिवारी मी धीर करून माझा माफीनामा त्यांच्यापुढे ठेवला. नीट, तारीख घालून, सहीनिशी. त्यांनी तो न उघडताच माझ्या खिशात परत सरकवला.

"राहू द्या हो," ते म्हणाले, "तोंडी चालेल."

आणि नेमका तेव्हाच माझ्या तोंडून शब्द फुटेना.