पिशवीमागं एक पान

देशभरातल्या सरकारी ग्रंथालय यंत्रणांची आकडेवारी गोळा होऊन दिल्लीला जाते. तिच्यात आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचे आकडे भरायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे आताच्या मानानं पोरगीच. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, आणि मी नसते तर देशात वाचक किती हे देशाला कळलंच नसतं असा चेहरा. ती बाई आज मला राजारामपुरीत समोरून येताना दिसली तर मी गल्ली बदलीन.

काम तसं सरळ होतं. यादीतल्या प्रत्येक वाचनालयानं नेहमीच्या एका आठवड्यात किती माणसं आली ते कळवायचं, आम्ही बेरीज करून वर पाठवायची. पेठ वडगावच्या बाजारातल्या एका वाचनालयाचा आकडा मात्र भलताच. आठवडाभर चार टाळकी आणि बाजाराच्या दिवशी जत्रा! चौकशी केली तर कळलं, बाजाराला आलेली माणसं तिथं भाकरीच्या, दळणाच्या पिशव्या ठेवतात. मी लगेच शेरा लिहिला : ‘हे वाचक नव्हेत.’ बाजाराचा दिवस वगळला की ते वाचनालय ‘बंद’च्या रकान्यात जाणार होतं. बंद म्हणजे कपाटं दुसऱ्या गावाला आणि तिथली ग्रंथपाल बाई घरी. मला त्याचं काही वाटलं नाही. रकाना बरोबर भरल्याचा आनंद केवढा असतो, ते कारकुनी केल्याशिवाय कळत नाही.

पुण्याच्या वरच्या कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले, “आधी एकदा बघून या.”

बघायचं तर वेष पालटून, असं मी ठरवलं. सुती साडी नेसले, ओळखपत्र पर्समध्ये कोंबलं, घराजवळून वांगी, मेथी, दोडकी घेऊन पिशवी गच्च भरली आणि सकाळच्या बसनं वडगावला उतरले. बाजार नुकता भरत होता.

वाचनालयाच्या दारात ग्रंथपाल बाई टेबल टाकून बसली होती. माझ्याच वयाची, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि आवाज असा की समोरच्या मिरचीवाल्याला तिचे सगळे नियम पाठ असावेत.

“पिशवी ठेवायची होती. किती घेता?”

“पैसं न्हाय वो. पिशवीमागं एक पान. आत बसून वाचायचं. येत नसलं तर वाचणाऱ्याजवळ बसून ऐकायचं. जाताना त्यात काय हुतं ते मला सांगायचं, मग पिशवी. पावणं नवीन दिसतायसा!”

आत बाकांवर दाटीवाटीनं माणसं. हाताला आलं ते पुस्तक मी उचललं. जनावरांच्या आजारांचं होतं, वापरून वापरून त्याचं वरचं कव्हर गेलेलं. शेजारचा पटकेवाला म्हातारा म्हणाला, “बाई, वासराच्या हगवणीचं काढा.”

मी इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटल्यासारखं वाचायला लागले.

“मोठ्यानं की! कुणाचं गुपित हाय व्हय?”

मोठ्यानं वाचलं. मागच्या दोघी बायका सरकून जवळ आल्या. पान संपलं तशी मी पुस्तक मिटायला गेले, तर त्यातली एक म्हणाली, “थांबा, पाणी किती पाजायचं ते कुठं आलं अजून?”

“पण पान एकच वाचायचंय ना?”

“मग वासरू काय अर्ध्यावर बरं करायचं?”

सगळं वाचनालय हसलं. धडा संपेपर्यंत मी वाचत राहिले, आणि खरं सांगते, आपला आवाज काय सुरेख लागलाय, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दारात आले. “काय वाचलासा?”

“वासराचं.”

“वासराचं काय?”

“आजारी होतं.”

“आन् मग?”

मला काही म्हणजे काही आठवेना. मागून पटकेवाल्यानं औषधपाण्यासकट सगळं घडाघडा सांगितलं आणि आपली पिशवी घेऊन तो गेला. माझ्या पिशवीवर मात्र बाईचा हात तसाच. ती पुढं वाकली. “अक्का, हापिसातनं आलायसा न्हवं?”

“कशावरून?”

“बाजाराला येणारा भाजीची पिशवी रिकामी घिऊन येतोय. सकाळच्या पारी भरलेली आणणारा एक तर विकायला येतो न्हायतर तपासायला. आन् एवढी चार वांगी कोण विकणार?”

मिरचीवाला खो खो हसला. बाई हसली नाही. “बंद लिवणार काय?” असं तिनं विचारलं, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “बाकीचं दिस कोण येत न्हाय, खरं हाय. रानातली कामं टाकून कोण येणार? बाजाराला येत्यात, मग मी बाजारालाच धरते.”

तिनं पिशवीवरचा हात काढला. मी ती घेतली आणि परतीची बस धरली.

त्या इस्त्रीवाल्या बाईची मी कितीही टिंगल करीन, पण तिला भांडता येत होतं, हे मान्य करायलाच हवं. कोल्हापुरात पोहोचल्यावर तिनं आपला शेरा खोडला आणि बाजाराचा दिवस धरून, पान वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सगळ्यांसकट आकडा पाठवला. साहेबांचा फोन आलाच.

“अहो, ती माणसं पिशवीसाठी येतात.”

“आपण कचेरीत पगारासाठी येतो, साहेब. तरी हजेरी लागतेच की.”

“पण ‘नेहमीचा आठवडा’ म्हटलंय. बाजाराचा दिवस नेहमीचा कसा?”

“दर आठवड्याला येतो. याहून नेहमीचं काय असतं?”

“आणि ऐकणारे?”

“माणूस आला, बसला, पुस्तकातलं काहीतरी घेऊन घरी गेला. त्याच्या वासराला विचारा.”

पलीकडून एक मोठा सुस्कारा आला. “राहू द्या तसंच,” म्हणाले.

पुढं काही महिन्यांनी देशाचा तक्ता छापून आला. त्यात आमचं अख्खं राज्य म्हणजे एक ओळ, वडगाव दिसायचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या जिल्ह्याच्या मंजूर कागदावर ‘बंद’चा रकाना कोरा होता. मी ग्रंथपाल बाईला फोन लावला.

“वाचनालय चालू म्हणून लागलं. पार दिल्लीपर्यंत.”

तिकडून नुसता बाजाराचा कालवा, आणि नाक ओढल्याचा आवाज.

“चालूच हाय की,” ती शेवटी म्हणाली. “तुमास्नी कळायला उशीर झाला. बरं अक्का, ठेवते. दारात रांग लागलीया.”