पाकिटावरचा इशारा

माझ्या बायकोला मशेरीची सवय मी लावली. हे मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. उलट ती सवय तिने माहेरून आणली, असंच लोकांना वाटू दिलं.

लग्नानंतरच्या वर्षांत मी सातपूरला एका कारखान्यात लेथवर होतो. पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही मित्र सिगारेट पेटवायचो. त्याच सुमारास पाकिटावर इशारा छापून येऊ लागला, सिगारेट आरोग्याला अपायकारक आहे म्हणून. त्या बारीक इंग्रजी ओळीने मी खरोखर घाबरलो. घरात मुलगी रांगत होती आणि धुराने खोकत होती. पण सोडायची म्हटलं तर बोटं शिवशिवायची. टपरीवर एक मित्र म्हणाला, "तंबाखूची पुडी बघ ना. आहे का काही छापलेलं? वाईट असती तर सरकारनं तिच्यावर नसतं लिहिलं?"

मला ते पटलं. मी तंबाखू घेऊन घरी आलो.

बायको दिंडोरीकडची. तिची आजी मशेरी लावायची, म्हणून तंबाखू कशी भाजतात ते तिला ठाऊक होतं. तिने स्वतः कधी बोट लावलं नव्हतं. मुलीला शेजारच्या घरी ठेवून, नाकावर पदर बांधून ती जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करून डबीत भरायची. एकदा ती कच्ची राहिली आणि माझ्या हिरड्या चुरचुरल्या. तेव्हापासून मी म्हणू लागलो, "आधी तू लावून बघत जा ना. नीट भाजलीय का ते कळेल."

पहिल्यांदा लावली तेव्हा ती भिंतीला टेकून खालीच बसली. "लय गरगरतंय वो," म्हणाली आणि खळखळून हसली. ती हसली की सगळे दात दिसायचे, डोळे मिटायचे. मलाही हसू आलं.

पुढे मी सुपरवायझर झालो. काळ्या दातांनी साहेबांपुढे उभं राहायची लाज वाटायला लागली. मशेरी सोडली आणि पुन्हा सिगारेटवर आलो, तीही फिल्टरवाली. इशारा तोच होता, मी तो वाचणं सोडलं होतं. तिची मात्र सुटली नाही. सकाळी मशेरी लावली नाही तर तिचं डोकं चढायचं, कामाला हात लागायचा नाही.

एका रविवारी मित्र चहाला आले होते. कुणीतरी काही बोललं आणि ती दारात उभी राहून तशीच मोकळी हसली. माझ्या हातात पेटलेली सिगारेट होती. मी म्हणालो, "अगं, तोंड मीट. पाकिटावर कशाला, हिच्या तोंडावरच इशारा छापायला पाहिजे."

"वहिनींपासून सावधान!" दुसऱ्याने जोड दिली. सगळे मांडीवर थापा मारून हसले. तीही हसली, पण तोंडावर पदर घेऊन.

तो पदर मग खाली आलाच नाही. हसू आलं की हात आधी पदराकडे जायचा. स्टुडिओत फोटो काढायला गेलो तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा हसा की." तिने ओठ आणखी घट्ट मिटले. मुलगी शाळेत जायला लागली होती. फोटो बघून तिने विचारलं, "आई, तू कुणावर रागावली होतीस?"

"नाय गं. अशीच हाय मी."

ती अशी नव्हती, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. बोलायला हवं होतं, पण मी बाजारातून पांढऱ्या दंतमंजनाची डबी आणून तिच्यापुढे ठेवली. "बरं केलंत," एवढंच म्हणून तिने ती फळीवर ठेवली. मी दिलगिरी म्हणून आणलेली वस्तू तिच्यासाठी आणखी एक टोमणा होती, हे मला उशिरा कळलं.

मग त्या दिवाळीत तेच मित्र फराळाला आले. ती ट्रे घेऊन बाहेर आली, तसा एकजण प्रेमानेच म्हणाला, "काय वहिनी, इशारा छापला की नाही अजून?"

तिचे दोन्ही हात ट्रेत अडकलेले. पदर घेता येईना. तिने मान भिंतीकडे वळवली.

माझ्यासाठी तिनेच पुसून ठेवलेल्या बशीत मी सिगारेट विझवली. उठलो आणि तिच्या हातातला ट्रे घेतला.

"ही सवय माहेरची नाही," मी मित्रांना म्हणालो. "माझी मशेरी भाजताना, माझ्या सांगण्यावरून चव बघताना लागली तिला. मी सुटलो, ती अडकली. आणि वर तुमच्यासमोर थट्टाही मीच केली."

ट्रे हातात धरूनच मी तिच्याकडे वळलो.

"चुकलं माझं. तुझं हसणं मी घालवलं. मला माफ कर."