चितकबरी जास्वंद

हसनाबादच्या कौसल्याबाईंना कुणी सहज म्हटलं, की तुमची जास्वंद काय फोफावली हो, तर त्या हरखून जायच्या. बिचारीला दुसरं हरखायला उरलं तरी काय होतं? नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि झाड त्याच्या हातचं होतं.

राजानंद जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या फाटकाजवळच्या बागेतून त्यानं एकदा काडी आणून अंगणात खोचली. हिरव्या पानांना पांढऱ्या कडा, मधेच गुलाबी शिंतोडे. गल्लीत तिला चितकबरी म्हणत. दर पौर्णिमेला तिची एक फांदी तो बुद्धमूर्तीपुढे ठेवायचा. फूल नसलं तरी पान पुरे, म्हणायचा.

सुट्टीच्या दिवशी मात्र कात्री घेऊन त्याच झाडापुढे बसायचा. निव्वळ हिरवी फांदी दिसली की बुडातून छाटायची आणि शेळीपुढे टाकायची. शेळीही वस्ताद, कात्री वाजली की दावं ताणायची.

"झाडाचं चांगलं हिरवंगार तोडून शेळीचे लाड करून राह्यले," कौसल्याबाई कुरकुरायच्या. तो नुसता हसायचा. बोलण्याच्या बाबतीत राजानंद मुलखाचा कंजूष.

छातीत कळ आली आणि तो गेला. एकटी बाई शेळीमागे कुठवर धावणार? शेळी नणंदेकडे धाडली. शेळीच नाही तर पाला तोडायचा कशाला? उलट त्यांनी झाडाला शेणखत घातलं, रोज पाणी दिलं, कुणाला पानाला हात लावू दिला नाही. पांढरं कमी होतंय हे त्यांना दिसत होतं. पण हिरवं म्हणजे झाडाची तब्येत सुधारली, एवढंच त्यांना ठाऊक. त्या हिरव्याकडे पाहून जिवाला जरा बरं वाटायचं.

राजानंदला जाऊन वर्ष झालं, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लेक पायल सासरहून आली.

"जा, तुझ्या पप्पाच्या फोटोपुढं ठेवायला चितकबरीची फांदी आण," कौसल्याबाई म्हणाल्या.

पायल रिकाम्या हातानं परतली. "आई, पांढरं पान एकबी न्हाई. हिरव्या फांद्या तोडल्या न्हाईत का?"

"शेळी दिली ना आत्याकडं. मंग कुणासाठी तोडू?"

पायल म्हणाली, "शेळीसाठी न्हाई तोडायचे पप्पा. हिरवी फांदी जोमानं वाढती, पांढरीला दाबून टाकती. न्हाई तोडली तर सगळं झाडच हिरवं होतं. मला सांगितलं होतं त्यांनी."

"मला न्हाई सांगितलं."

"तू इचारलं होतं का?" पायल बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

कौसल्याबाईंनी कात्री घेतली. एकेक हिरवी फांदी छाटत, आत कुठं पांढरी कड दिसते का ते पाहत राहिल्या. तळाशी पांढऱ्या कडेच्या पानांची एक काडी सापडली, तीही वाळलेली. तरी त्या थांबल्या नाहीत. वंदना घ्यायला भंतेजी दारात आले तेव्हा अंगणात नुसते खुंट होते. पायलनं हळूच आईच्या हातातून कात्री काढून घेतली.

वंदना झाली. लोक जेवून गेले. मग कौसल्याबाईंनी ढिगातली एक हिरवी फांदी उचलून फोटोपुढे ठेवली.

"मला वाटायचं, शेळीसाठीच तोडता तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं रडू त्यांना आवरेना.

बाहेर ढीग उन्हात कोमेजत होता. खायला शेळी नव्हती.