गोळीसोबत घेतलेली माती

आमच्या नव्या गावठाणातल्या भगताने मला फसवलं. मातामायच्या, आमच्या गावदेवीच्या, नावाने फसवलं. पवनीच्या बाजारात मला शिळा मासा ताजा म्हणून आजवर कोणी देऊ शकलेलं नाही, आणि त्याच्या हातून मी मुकाट्याने पुडी घेतली.

नवरा जायच्या थोडं आधी त्याच्या आजाराचं नाव कळलं, आणि तोच आजार माझ्याही रक्तात असल्याचं कळलं. एचआयव्ही. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून गोळी सुरू झाली. रोज एक, सकाळी उठल्या उठल्या, न चुकवता. त्या गोळीच्या बळावर मी पुन्हा उभी राहिले. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर नावाड्यांकडून मासे घ्यायचे आणि बाजारात विकायचे, हा धंदा मी एकटीने उभा केला. भावात मी हटत नाही. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "बाई, मासा मेला, पन तुझी जीभ जित्ती आहे." मी म्हटलं, "म्हनून तर मासा विकून राहिली, जीभ नाई."

माझा आजार फक्त मुलीला ठाऊक होता, आणि भगताला. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत तो अंगारा लावायला घरी यायचा, तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. मातामायचे दगड वाजतगाजत नव्या गावठाणात आणले, नवा ओटा बांधला, त्याला चकचकीत टाइल्स लावल्या. मी तिथे हात जोडते, पण मला ती तिथे कधी भेटली नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला जुन्या ओट्यापाशी नेलं होतं. कडुनिंबाच्या मुळाशी, ओल्या मातीत, अनवाणी. तो गारवा माझ्या तळपायांना अजून आठवतो. होडी त्या जागेवर आली की मी नावाड्याला वल्हं थांबवायला लावते आणि वाकून पाहते. पाण्यात काही दिसत नाही. तरी पाहते.

माझी ही ओढ भगताला ठाऊक होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं तसा तो एक दिवस पुडी घेऊन आला. म्हणाला, "वैनी, हे मायच्या जुन्या ओट्याची माती आहे. गोळीसंग घेत जा. गोळीची गरमी बाधनार नाई." पांढरट, बारीक भुकटी होती. मातीचा रंग असा नसतो, हे मला दिसत होतं. पण तिच्या पायाची माती म्हटल्यावर माझे डोळे आपोआप मिटले. रोज गोळी आणि वर चिमूटभर ती माती. पोटातली जळजळ थांबली, तेव्हा तर खात्रीच पटली. पुडी संपली की तो दक्षिणा घेऊन दुसरी आणून द्यायचा.

पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू वाढलेला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या मध्ये सुटल्या का? माझं डोकं फिरलं. साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं मी भांडले, आणि बाहेर बाकावर येऊन बसले. आता ही गोळी चालेनाशी झाली तर पुढे काय? मनात एकच चाललं होतं. माय, तुझी माती रोज खाऊन राहिली मी, मंग तू मले काहून सोडलं?

शेजारी एक बाई बसली होती, बोलण्यावरून नाकाडोंगरीकडची वाटली, मांडीवर वांग्यांची पिशवी. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "लय जोरात भांडतेस. आता सांग, गोळीसंग आनखी काय घेतेस?"

हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, देवीची माती. ती हसली नाही. "मायवर माया ठेव," ती म्हणाली, "पन जा, डॉक्टरले सांगून ये. लपवू नोको." माझा दंड धरून तिने मला दारापर्यंत नेलं.

डॉक्टरांनी न रागावता ऐकून घेतलं. चुन्यासारखी भुकटी, कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताचं औषध, असं काही या गोळीसोबत पोटात गेलं तर ते गोळीला तिथेच धरून ठेवतं, रक्तात पोचू देत नाही, असं त्यांनी समजावलं. भुकटी बंद करा, गोळी मात्र एक दिवसही सोडू नका. दुसरं काही घ्यायचं असेल, मग ते दुकानातलं असो की देवाचं, आधी आम्हाला विचारा. चालेल की नाही, किती अंतराने, ते आम्ही सांगू. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. आजही दवाखान्यात गेले की माझी नजर आधी त्या बाकावर जाते.

घरी येऊन भुकटी उन्हात बोटांवर चोळली. बारीक चमक दिसली. शिंपला. भगताच्या अंगणात गेले तर कोंबडीचं चित्र असलेलं पोतं उघडंच होतं. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचा शिंपल्यांचा चुरा. मी जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "बोंबल गावभर. मंग लोक विचारतीन, वैनी कोनती गोळी खाते? सांगू का?" मी आल्या पावली परत फिरले.

नंतरच्या तपासणीत विषाणू पुन्हा दबला होता. ती बाई कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मायने पाठवली असं मी मानते, आणि रोज गोळी घेताना मायचं नाव घेते. वर फक्त पाणी पिते. पाण्याखालच्या त्या ओट्याची आस सुटलेली नाही, सुटणारही नाही. पण लपवलेलं बोलून मोकळी झाले त्याच दिवशी तिने मला हात दिला, एवढं मला समजलं आहे. अजून गावापासून लपवलेलंही आता तिच्याच पायाशी ठेवायचं.

कारण आमच्या गावठाणात अजून किती घरांत ती पुडी जाते, हे मला ठाऊक आहे. कोणी शुगरच्या गोळीसोबत घेतं, कोणी बीपीच्या. मातामायच्या पूजेला सारं गाव ओट्यापुढे जमेल. मी उभी राहीन आणि माझ्या गोळीचं नाव मीच सांगेन. भगता, तुला सांगायला काही उरणार नाही. मग मायच्या तोंडावर बोल. तिच्या नावाने तू आम्हाला काय चारलंस?