मेंढा पाडणारी कोंबडी

माझ्या बहिणीचा नवरा व्हर्लिन ह्युस्टेड एकतीस वर्षं गावच्या शाळेची बस चालवत होता. बसला एक ओरखडा गेला नाही. पण त्याच हातांना अकरा वर्षांत एक पोलादी मेंढा पाडता आला नव्हता.

आमच्या पिस्तूल क्लबात नेमबाजीला पोलादी पत्र्याची जनावरं असतात. कोंबडी जवळ, मग डुक्कर, मग टर्की आणि दोनशे मीटरवर मेंढा. गोळी नुसती लागून भागत नाही, जनावर आडवं पडावं लागतं. व्हर्लिनची गोळी मेंढ्याला हटकून लागायची. टण्ण वाजायचं, मेंढा जरा डुलायचा आणि पुन्हा ताठ उभा. शनिवारच्या वार्षिक सामन्यात ज्याचा एकही मेंढा पडत नाही, त्याने सोमवारी, सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या मिरवणुकीत पिवळ्या कोंबडीच्या वेशात हिंडायचं, हा नियम मीच वहीत लिहिलाय. क्लबची चिटणीस मी आणि निकालाच्या दुर्बिणीवरही मीच. अकरा वर्षं तो वेश व्हर्लिनशिवाय कुणाच्या अंगाला लागला नव्हता. बसमध्ये ज्या पोरांना तो दटावून बसवायचा, ती त्या दिवशी त्याच्या शेपटीची पिसं उपटून उट्टं काढायची.

यंदा तो निवृत्त झाला. मिरवणुकीत सगळ्यात पुढे, आगीच्या बंबावर, उंच खुर्चीत त्याला बसवायचं असं गावाने ठरवलं. त्याने करडा कोट आणला आणि आरशासमोर हात हलवायचा सराव सुरू केला.

"आर्डिथ, समजा यंदाही मेंढा नाही पडला, तर?" त्याने मला विचारलं.

"तर बंबावर कोंबडी बसेल. खुर्ची तुझीच आहे, ती कुठे जातेय?"

"एकदा तरी लोकांना माझं तोंड दिसू दे की गं."

मी हसले. तो हसला नाही, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं.

व्हर्लिन आणि माझी बहीण लव्हॉन, दोघंही आपापली काडतुसं घरच्या तळघरात स्वतः भरतात. पितळी कवचात दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. लव्हॉनचं लांब नळीचं पिस्तूल एका वेळी एकच काडतूस घेतं, त्यामुळे त्यात रायफलच्या लांब, जड, टोकदार गोळ्या सहज चालतात. जड गोळीचा धक्काही मोठा, म्हणून पाचातले चार मेंढे ती पाडतेच. व्हर्लिनचं सहा घरांच्या फिरत्या चक्रीचं रिव्हॉल्वर. त्यात आखूड, बोथट गोळ्या. जाडी दोघांची सारखीच, फरक लांबीचा आणि वजनाचा.

"माझ्यासारखं पिस्तूल घे," असं लव्हॉनने शंभरदा सांगितलं होतं. बायकोची नक्कल करायची त्याला लाज वाटायची. तिच्या गोळ्या चोरायची मात्र वाटली नाही. तिच्या कॉफीच्या डब्यात उरलेल्या सगळ्या लांब गोळ्या त्याने उचलल्या आणि डबा रिकामा दिसू नये म्हणून आपल्या आखूड गोळ्या त्यात ओतल्या. दारूशी मात्र त्याने खेळ केला नाही. पुस्तक उघडून, काट्यावर तोलून ती कमी घातली, तेवढी अक्कल शाबूत होती. पण गोळीचं टोक रिव्हॉल्वरच्या चक्रीबाहेर येत होतं, म्हणून त्याने ती आत दाबून दाबून कशीबशी मावेल एवढी केली. रायफलच्या त्या गोळीला कवचाच्या तोंडाने पकडून धरावं अशी खाचच नव्हती, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी आधी लव्हॉन उभी राहिली. पाच बार, पाच वेळा टण्ण, मेंढे पाचही जागच्या जागी. मी दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं.

"होतं असं कधीकधी," ती म्हणाली आणि थर्मासातली कॉफी ओतू लागली.

मग व्हर्लिन. पहिला बार झाला आणि मेंढा मागे कलला, क्षणभर विचारात पडला आणि धाडकन उताणा झाला. व्हर्लिन नुसता बघत राहिला. दुसऱ्या बाराला चक्रीच फिरेना. पहिल्या धक्क्याने बाकीच्या गोळ्या कवचांतून सरकून पुढे आल्या होत्या आणि सांगाड्याला अडकल्या होत्या. वेळ संपला. पण त्याला एकच मेंढा हवा होता.

क्लबचा अध्यक्ष बर्डेट कोंबडीचा वेश घेऊन लव्हॉनकडे आला. ती जेमतेम पाच फूट. पंख जमिनीला लागत होते आणि चोच छातीवर आली होती. लोक पोट धरून हसत होते. व्हर्लिनचं तोंड मात्र चुना फासल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या माणसाला मूठ झाकता येत नाही.

"तिच्या गोळ्या मी चोरल्या," तो म्हणाला. "तिच्या डब्यात माझ्या घातल्या. मेंढा तिच्या गोळीने पडलाय."

लव्हॉनने कोंबडीचं मुंडकं काढून आपटलं.

"गाढवा, मला डोळे नाहीत? तीस वर्षं काडतुसं भरतेय मी. डब्यात हात घातल्याबरोबर कळलं."

"मग भरल्यास कशाला त्या?"

"तुला कोटात बसलेला बघायचं होतं मला. आणि तू तोंड उघडलंस." तिचा आवाज चिरकला. "पडला पण छान हां. पाहिला मी."

माझेही डोळे भरून आले, पण वही वहीच असते. चोरीच्या गोळीने पडलेला व्हर्लिनचा मेंढा बाद, आणि वेश एकच, तो चोराच्या अंगावर.

सोमवारी बंबावरच्या खुर्चीत कोंबडी बसली, कोटावर घालायचा टाय पिसांवर बांधून. मिरवणूक शाळेसमोर आली तशी लव्हॉन बंबावर चढली आणि तिने सगळ्यांदेखत नवऱ्याचं पिवळं मुंडकं उपटून काढलं. आत लालबुंद, घामेजलेला व्हर्लिन. मग पोरं फुटपाथवर उंचीप्रमाणे रांगेत उभी राहिली, बससाठी राहायची तशी, आणि त्याने त्यांना पंख हलवून दाखवला.

मिरवणूक संपेपर्यंत मुंडकं काढायचं नाही, असा नियम आहे. बर्डेटने वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्या बुटांना नाड्या नाहीत, हे फक्त लव्हॉनला माहीत आहे.