लाभाचा रुपया

मुळात मी संशयी बाई. दुकानाच्या पायरीवर उभी राहून सुट्टे मोजल्याशिवाय रस्त्याला लागायचं नाही, आणि कमी भरले तर आत जाऊन भांडायचं, हा माझा शिरस्ता. रत्नागिरीच्या बाजारातले निम्मे दुकानदार मला बघून आधीच पैसे दोनदा मोजत. त्यामुळे ग्राहक भांडारातून चहा-साखर घेऊन निघाले आणि हातात एक रुपया जास्तच आला, तेव्हा काय करायचं ते मला सुचेना. जास्त आल्याबद्दल भांडायची सवय नव्हती.

तेव्हा एक रुपयाच्या नोटा चालत. गल्ल्यावर गर्दी होती, म्हणून पुढच्या खेपेला देऊ म्हटलं. पुढच्या खेपेला पुन्हा एक जास्त येतोय असं दिसल्यावर मी गल्ल्यासमोरून हललेच नाही.

गल्ल्यावरची बाई नवीन होती. संगमेश्वरकडच्या खेड्यातली. नवऱ्याची मुंबईची गिरणी बंद पडली, तो घरी येऊन बसला आणि ही इथे बहिणीकडे राहून नोकरीला लागली. मी तिच्याकडे नीट पाहत राहिले. माझ्या मागच्या गिऱ्हाइकाचे सुट्टे देताना, पहिली नोट ठेवली तेव्हा तिचे ओठ नुसते हलले. दुसरी ठेवताना ती मोठ्याने म्हणाली, "एक."

मला एकदम माझे वडील दिसले. खळ्यावर भात मोजताना पहिली पायली ओतली की ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. घरात धान्य यावं ते लाभाने यावं, म्हणून आमच्याकडे सगळेच तसं मोजतात.

गर्दी ओसरल्यावर मी तिला हळूच सांगितलं, "अगो, तू लाभ मनात म्हणतेस आणि मग पुन्हा एकापासून सुरू करतेस."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "मना सायेब बोल्लं, ही काय खळा हाय? एक बोल. म्हनून मोठ्यानी एक बोलते. पन पयला लाभ घातल्याबिगर माजा हातच उचलत नाय." मग तिने बाकीचं सांगितलं. रोज संध्याकाळी गल्ल्यात पैसे कमी भरत होते आणि तिच्या पगारातून कापले जात होते. आणखी एकदा कमी भरले तर घरी जा, असं त्या साहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, बजावलं होतं. घरी चार माणसं तिच्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसलेली. मी माझे रुपये तिच्यापुढे ठेवले. तेवढ्याने काय होणार होतं?

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगत होते, तेव्हा दारात आमची नेहमीची मासेवाली पाटी उतरवून बसली होती. एका बांगड्यासाठी माझ्याशी तासभर हुज्जत घालणारी बाई; वाणसामान तीही भांडारातूनच नेई. ती ऐकता ऐकता थांबली आणि कनवटीला हात लावत म्हणाली, "अगो वैनी, म्हंजे ह्यो रुपाया तिचा काय? मना वाटला, मीच बांगडं गिनताना चुकलंय!"

पाटी डोक्यावर घेऊन ती पुढच्या घरी गेली. तिथून पुढच्या आळीत. मासे किती खपले देव जाणे, पण बातमी सगळी खपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भांडारात गेले आणि दारातच थबकले. गल्ल्यासमोर रांग होती, पण कोणाच्याच हातात पिशवी नव्हती. मासेवाली सगळ्यांत पुढे. तिच्यामागे शाळेतले एक मास्तर, पानवाला, कडेवर पोर घेतलेली एक बाई. एकही जण 'तुमची चूक झाली' असं म्हणाला नाही. "बाय, तुजा लाभ माज्याकडं ऱ्हायला व्हता," असं म्हणायचं, रुपया ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. एका म्हाताऱ्यांनी तर सांगितलं, "मला मिळाला होता की नाही ते आठवत नाही. पण मिळाला असेल." या गावाशी मी इतकी वर्षं पै-पैसाठी भांडत होते, आणि हे गाव मला ठाऊकच नव्हतं.

नोटांचा ढीग झाला. मॅनेजर आपल्या टेबलाशी उभे राहून हे सगळं बघत होते. तिने ढीग मोजायला घेतला, पहिली नोट उचलली आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. ती त्यांच्याकडे बघायला लागली.

मॅनेजरांनी चष्मा काढून पुसला. "लाभ म्हणा, बाई," ते म्हणाले.

"लाभ," ती मोठ्याने म्हणाली. मग दुसरी नोट ठेवली. "दोन."